चिऊ, ती स्पेलिंग मिस्टेक नाहीये

प्रिय चिऊ,

तू पाठवलेला फोटो झूम करून करून बघितला. थर्टी फर्स्टला तुमच्या हॉलमध्ये ‘ऑल्ड लँग साइन’ या गाण्याचा जो कागद वाटणारेत त्याच्या शेवटच्या कडव्यात ‘ट्रस्टी’ म्हणजे भरवशाचा, त्याच्या पुढच्या शब्दाला तू लाल गोल केलायस आणि खाली लिहिलंयस, आई हे फ्रेंडचं स्पेलिंग गंडलंय ना, कमिटीला सांगू का. अजिबात सांगू नकोस! आधीच तू तिकडची नवीन, त्यात स्कॉटिश लोकांना त्यांच्या लाडक्या कवीची, रॉबर्ट बर्न्सची चूक काढून दाखवशील तर हसतील तरी किंवा चिडतील तरी. एफ आय ई आर ई असंच लिहितात ते, म्हणायचं ‘फीर’. जुना शब्द आहे, इतका जुना की इंग्लंडमधल्या माणसालाही डिक्शनरी उघडावी लागेल, त्यामुळे तुला कळला नाही यात काही नाही. व्हॉट्सॅपवर दोन ओळीत सांगणार होते पण माझा हा आवडता शब्द आहे, मग म्हटलं सरळ मेलच लिहावा. तुझे बाबा म्हणतायत की रिटायर झाली तरी हिचं शिकवणं काही सुटत नाही. म्हणू देत.

तर ऐक. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्याच्या आधीच्या इंग्रजीत, म्हणजे जिला ओल्ड इंग्लिश म्हणतात त्या भाषेत, हा शब्द होता ‘गेफेरा’. लिहायचे ‘गे’ पण तोंडाने म्हणायचे ‘ये’, म्हणजे येफेरा. त्यातला पहिला तुकडा आपल्या ‘सह’सारखा, आणि दुसरा आलाय ‘फारान’ या क्रियापदावरून, त्याचा अर्थ जाणं, वाट चालणं, प्रवास करणं. दोन्ही जोडलं की बरोबर वाट चालणारा. संपलं. त्यात आवडतो का, आपल्या जातीचा आहे का, सिक्रेट सांगता येईल असा आहे का, यातलं काहीही नाही. एकच वाट आहे आणि तोही त्याच वाटेने चाललाय, एवढं पुरे होतं.

‘फारान’ हा शब्द मेला नाही बरं का, तो तू रोज वापरतेस. आप्पा एसटीत कंडक्टर होते तेव्हा त्यांच्या तोंडी सारखं ‘फेअर’ असायचं, हाफ फेअर, फुल फेअर, तो हाच. आधी अर्थ नुसता ‘प्रवास’, मग प्रवासाचे पैसे, आणि बसचं तिकीट. फेअरवेल म्हणजे मुळात ‘नीट जा’. वेलफेअर म्हणजे नीट चाललेलं असणं. वेफेअरर म्हणजे वाटसरू. फेरीबोटीतली फेरी त्याच कुळातली, म्हणजे जाणं नाही तर दुसऱ्याला पलीकडे नेणं. ऑक्सफर्डमधला फर्ड, म्हणजे जिथून नदी पायी ओलांडता येते ती जागा, तोही नात्यातला, आणि तुझ्या लीथच्या रूमपासून जवळ जो समुद्राचा फाटा आहे, फर्थ ऑफ फोर्थ, त्यातला फर्थसुद्धा. भाषेचा अभ्यास करणारे हे सगळं आणखी मागे नेऊन आपल्या संस्कृत ‘पार’शी जोडतात. पार करणे, पैलपार, त्यातला पार. त्या फर्थच्या काठाला क्वीन्सफेरी नावाचं गाव आहे बघ, अकराव्या शतकात राणी मार्गारेटने सेंट अँड्र्यूजला जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी तिथे होडी सुरू केली म्हणून ते नाव पडलं, आणि ती फेरी 1964 मध्ये रस्त्याचा पूल होईपर्यंत चालू होती! तिथे उभं राहून लाल रेल्वे पुलाचा फोटो सगळेच काढतात, तूही काढशील, पण गावाच्या पाटीचाही काढ, मला हवाय.

आता खरी गोष्ट. हा येफेरा मला जिथे पहिल्यांदा भेटला ते पुस्तक म्हणजे काही महाकाव्य नाही, चक्क शाळेचं पाठ्यपुस्तक आहे. हजार वर्षांपूर्वी दक्षिण इंग्लंडमध्ये डॉर्सेटला सर्न नावाचा मठ होता, तिथे अॅल्फ्रिक नावाचा साधू मुलांना शिकवायचा. मुलांना लॅटिन बोलता यावं म्हणून त्याने संवाद लिहिले, म्हणजे आपण इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासमध्ये अॅट द पोस्ट ऑफिस, अॅट द रेल्वे स्टेशन करायचो ना तसं. एक मुलगा नांगरणारा होणार, एक मेंढपाळ, एक कोळी, एक चांभार, एक आचारी, आणि मास्तर प्रत्येकाला प्रश्न विचारणार. नंतर कोणीतरी लॅटिन ओळींच्या वर बारीक अक्षरात इंग्रजी अर्थ लिहिले, आपण पुस्तकात पेन्सिलने लिहितो तसेच, आणि ती वही टिकली, आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. साध्या लोकांची रोजची बोली त्या काळातली किती कमी उरलीय माहितीये, राजे, संत, लढाया यांच्याबद्दल ढीगभर आहे, पण नांगरणाऱ्याला कोणी प्रश्न विचारलेत असं फार नाही सापडत.

मास्तर नांगरणाऱ्याला विचारतो, तू काय करतोस? तो म्हणतो, मालक, फार राबतो मी. पहाटे उजाडायच्या वेळेला बैल हाकत शेतावर जातो, जू मानेवर ठेवतो, कितीही कडक हिवाळा असला तरी घरी लपून बसायची सोय नाही कारण धन्याची भीती, आणि रोज एक एकर तरी पूर्ण नांगरायलाच लागतो. मग मास्तरचा पुढचा प्रश्न, तुझ्याबरोबर कोणी येफेरा आहे का? आणि उत्तर बघ: एक पोरगा आहे, पराणी घेऊन बैल हाकतो, थंडीने आणि ओरडून ओरडून त्याचा घसा बसलाय आता.

बस एवढंच. नाव नाही त्या पोराचं. पुढे नांगरणारा सांगतो की संध्याकाळी बैलांना गवत टाकायचं, पाणी दाखवायचं, शेण बाहेर काढायचं, हो हो, फार कष्ट आहेत, कारण मी स्वतंत्र नाही. म्हणजे तो गुलामच. गुलाम माणसाला विचारलेला प्रश्न आणि त्याचा सोबती कोण तर बसलेल्या घशाचा पोरगा. माझ्या माहेरी नांगरटीला चार बैलांचं औत असायचं तेव्हा पुढे बैल हाकायला एक पोर लागायचंच, त्यामुळे मला तो पोरगा समोर दिसतो. अकरावीच्या मुलांना हे सांगितलं की मागच्या बाकावरची पोरं पहिल्यांदा वर बघायची, कारण त्यातल्या निम्म्यांच्या घरी औत होतं आणि इंग्रजीच्या तासाला बैल येतील अशी त्यांची अपेक्षाच नव्हती.

त्याच पुस्तकात शेवटी सगळ्यांचं भांडण लागतं की कोणाचं काम सगळ्यात महत्त्वाचं. एक शहाणा माणूस निवाडा करायला बसलाय, तो म्हणतो देवाची सेवा पहिली, आणि संसारातल्या कामांत नांगरणाऱ्याचं, तो सगळ्यांना खाऊ घालतो. लगेच लोहार उठतो, अहो पण त्याला फाळ कोण देतं? पराणीचं टोकसुद्धा माझ्याकडूनच जातं की! मग सुतार, मग आणखी कोणी, नुसता गोंधळ, ग्रामसभाच म्हण ना. तेव्हा तो शहाणा माणूस सगळ्यांना गप्प करताना हाक मारतो ती ‘येफेरान’ अशी, अनेकवचन, अहो सोबत्यांनो आणि चांगल्या कारागिरांनो, हे भांडण मिटवा पटकन. लोहार, सुतार, गुलाम नांगरणारा, सगळे एका शब्दात बसवले त्याने. मला हे फार ग्रेट वाटतं, तुला वाटेल आई कुठल्या कुठे चाललीय, पण थांब.

ज्या लॅटिन शब्दाच्या डोक्यावर त्या माणसाने ‘येफेरान’ लिहिलं तो शब्द आहे ‘सोसियुस’, ज्याच्यावरून सोशल, सोसायटी, असोसिएशन सगळं आलंय. आणि हा सोसियुस आपल्या ‘सखा’चा सख्खा भाऊ आहे! दोन्हीचं मूळ एकच, मागे जाणं, बरोबर जाणं. संस्कृतात तो धातू सच्, त्यावरूनच ‘सचिव’ पण. म्हणजे कृष्ण अर्जुनाचा सखा, हाऊसिंग सोसायटी आणि मंत्रालयातले सचिव हे सगळे एका घरचे निघाले. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणी कोणाचा सखा असतो असं काही मला दिसलेलं नाही, पण मूळ आहे खरं.

त्या जुन्या इंग्रजीत सोबतीसाठी एकच शब्द नव्हता, असे ‘गे’ लावून बरेच केले होते. एक ‘येसिथ’, तोही प्रवासावरूनच, सिथ म्हणजे प्रवास. पण तो राजाबरोबर प्रवास करणारा, दरबारातला, लढाईला जाणारा, आणि मग त्याला जमीन मिळाली, मान मिळाला, आणि बघता बघता शब्दाची पदवी होऊन बसली. आणखी एक ‘येथोफ्टा’, होडीत एकाच फळीवर बसून वल्ही मारणारा, किती गोड शब्द आहे! येसिथ वर चढला आणि हरवला, येथोफ्टाही गेला. येफेरा नांगरणाऱ्याजवळ राहिला म्हणून जास्त टिकला असं मला आपलं वाटतं, पुरावा मागू नकोस.

मग आले व्हायकिंग आणि त्यांच्याबरोबर ‘फेलो’. हा तर धंद्यातला शब्द. फे म्हणजे गुरंढोरं, पैसाअडका, आणि दुसरा भाग म्हणजे टाकणं, ठेवणं. दोघांनी मिळून भांडवल टाकलं की ते फेलो. 1016 साली इंग्रजांचा राजा एडमंड आणि डेन्मार्कचा कनूट लढून लढून दमले आणि सेव्हर्न नदीच्या बेटावर भेटून राज्य वाटून घेतलं, तेव्हाच्या बखरीत लिहिलंय की ते दोघे ‘फेओलागान’ झाले, शपथेचे भाऊ झाले. त्याच वर्षी नोव्हेंबर संपता संपता एडमंड मेला आणि कनूटने सगळंच राज्य घेतलं. पार्टनरशिपचं तेव्हापासून असंच आहे म्हणायचं. तुला फेलोशिप मिळाली तेव्हा बाबांनी पेढे वाटले, त्यांना हे सांगितलं नव्हतं मी.

खोलीवरून आलेले वेगळेच. कॉम्रेड म्हणजे स्पॅनिश कमारादा, एका खोलीत राहणारे सैनिक. चम हा ऑक्सफर्डच्या पोरांचा सतराव्या शतकातला शब्द, तोही चेंबरवरूनच आला असावा असं मानतात. आणि मेट, ज्याच्यावरून तुझी फ्लॅटमेट, तो जर्मन किनाऱ्यावरच्या बोलीतून आला, एका ताटात जेवणारा, इंग्रजीतला ‘मीट’ म्हणजे पूर्वी कुठलंही अन्न, त्याच्याशी जोडलेला.

आणि सगळ्यात मोठा, कंपॅनियन. हा 1066 नंतर फ्रेंच बोलणाऱ्या लोकांबरोबर आला. लॅटिन पानिस म्हणजे ब्रेड, आपला पाव ना गं, पोर्तुगीजांच्या पावामधून गोव्यात आला तो, तोच हा पानिस. एक भाकरी वाटून खाणारे ते कंपॅनियन. गंमत अशी की हा शब्दही मुळात जर्मानिक लोकांच्या शब्दाचं लॅटिन भाषांतर असावा असं जाणकार म्हणतात, कारण गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेत ‘गाह्लाइबा’ असा शब्द आहे, बरोबर भाकरी खाणारा, आणि लॅटिनमध्ये कंपॅनियन पहिल्यांदा दिसतो तो फ्रँक लोकांच्या कायद्याच्या पुस्तकात. म्हणजे शब्द इकडून लॅटिनमध्ये गेला, फ्रेंचमध्ये मोठा झाला, घोड्यावर बसून इंग्लंडला आला आणि तिथल्या चालणाऱ्या शब्दाला बाजूला सारलं. साहेबाची भाषा ती. कोर्टात तीच, जेवणाच्या टेबलावर तीच. येफेरा शेतात.

आता तू परवा फोनवर म्हणालीस ना, आई इथे माझं कोणीच नाही, क्लासमध्ये ते क्लासमेट, घरी ती फ्लॅटमेट, लॅबमध्ये तो लॅब पार्टनर, फ्रेंड असं कोणी नाही. मी तेव्हा काही बोलले नाही कारण तू रडवेली झाली होतीस आणि मला पण काही सुचत नव्हतं. पण मला वाटतं तू फार कडक परीक्षा घेतेस लोकांची. लहानपणापासूनच. बेस्ट फ्रेंड कोण याची यादी तू दर महिन्याला बदलायचीस वहीच्या मागच्या पानावर. रोज सकाळी ज्या मुलीबरोबर तू बस स्टॉपपर्यंत अंधारात चालत जातेस, जी तुझ्यासाठी थांबते असं तूच सांगितलंस, ती पोलंडची ना, तिला तू ‘अशीच ओळखीची’ म्हणतेस. अॅल्फ्रिकच्या शाळेत तिला दुसरा शब्दच नसता. पुढे ती तुझी जिवाभावाची होईल की नाही हा वेगळा प्रश्न, आणि नाही झाली तरी ती आज तुझ्याबरोबर चालतेच आहे की. हे मला त्या दिवशी म्हणायचं होतं. झालं म्हणून.

बरं पुढे शब्दाचं काय झालं. ‘ये’ हळूहळू झिजला, इंग्रजीत तो सगळीकडेच झिजला, ‘इनफ’मधला इ आणि ‘हँडीवर्क’मधला मधला ई हे त्याचेच उरलेले तुकडे. येफेरा झाला ‘इफेरे’ आणि मग नुसता ‘फीर’, लिहायला एफ ई आर ई. चॉसर कवीच्या वेळेला, म्हणजे 1400 च्या आधी, ‘इन फीर’ म्हणजे एकत्र, सगळे मिळून, असं कवितेत धडाधड यायचं. मला विचारशील तर यमक जुळतं म्हणून, हिअर, डिअर, यीअर या सगळ्यांशी पटकन जमतं, कवींना अजून काय हवं. पण एकटा शब्द लिहिला की पंचाईत, कारण तेव्हाच्या स्पेलिंगला काही धरबंध नव्हता आणि फीर म्हणजे भीतीही असू शकते, थोडा इकडे तिकडे लिहिला की आग, नाहीतर दूर. आणि वर अजून एक फीर होता, धडधाकट या अर्थाचा, तोही त्याच चालण्याच्या मुळातून, जो चालू शकतो तो फिट. तुझ्या स्कॉटलंडमध्ये ‘हेल अँड फीर’ म्हणतात ते हेच, बर्न्सने 1785 मध्ये आपल्या एका मित्राला कवितेतून पत्र लिहिलंय त्यात आहे, की जोवर आपण धडधाकट आहोत तोवर रोजची भाकरी मिळवू.

पण मला वाटतं खरा घात दुसऱ्याच गोष्टीने केला. हळूहळू फीर म्हणजे नवरा किंवा बायको असा अर्थ पक्का होत गेला. स्पेन्सरच्या 1596 च्या काव्यात कॅम्बेल कॅम्बिनाला आपली ‘फीर’ करतो, म्हणजे लग्न. शेक्सपिअरच्या टायटस अँड्रॉनिकसमध्ये ‘दुःखी फीर’ येतो तो लुक्रीशियाचा नवरा. बरोबर चालणारे सगळे, लोहार सुतार तो ओरडणारा पोरगा, बाहेर पडले आणि आत एकच माणूस उरला. आपल्याकडे नाही का ‘सहचर’ अगदी तस्साच बनलेला शब्द, बरोबर चालणारा, आणि सहचारिणी म्हटलं की सत्कार समारंभातल्या पाहुण्यांची बायको. मला स्वतःला कोणी स्टेजवरून सहचारिणी म्हटलं की हसू येतं, तुझे बाबा दहा पावलं पुढे चालतात नेहमी.

एकदा कवितेपुरता उरला की शब्द म्हातारा दिसायला लागतो. मग काही जण त्याला मुद्दाम म्हातारा करायला ‘पी एच’ लावून लिहायचे, म्हणजे ग्रीक वाटावा. 1798 साली कोलरिजने एन्शन्ट मरिनरची ती म्हाताऱ्या खलाशाची लांबलचक कविता छापली, नाव न घालता, वर्ड्सवर्थबरोबरच्या पुस्तकात. त्यात भुताचं जहाज येतं, त्यावर एक बाई आणि तिच्याबरोबर मृत्यू, हाडांचा सापळा, त्याला कोलरिज म्हणतो मांस नसलेला ‘फीर’, स्पेलिंग पी एच डबल ई. लोकांनी नावं ठेवली, हे असले जुनाट शब्द कशाला म्हणून. दोनच वर्षांनी, 1800 च्या आवृत्तीत, त्याने तो शब्द काढला आणि तिथे काय घातलं सांग? मेट! चालणारा गेला आणि जेवणारा आला, त्याच जागेवर, त्याच कवितेत. आणि तोही कोणासाठी, तर सापळ्यासाठी, ज्याला पोटच नाही. मी हे वर्गात सांगायचे तेव्हा कोणी हसायचं नाही, तू तरी हस.

इंग्लंडमध्ये तिथेच संपलं म्हणायला हरकत नाही. पण तुमच्याकडे उत्तरेला लोक बोलीत अजून म्हणत होते, आणि बर्न्स शेतकऱ्याचा पोरगा, स्वतः नांगर धरलेला माणूस. त्याने 1788 च्या डिसेंबरमध्ये आपल्या एका वयस्कर मैत्रिणीला, मिसेस डनलॉपना, पत्रातून हे गाणं पाठवलं. एका म्हाताऱ्याच्या तोंडून ऐकून उतरवून घेतलं असं तो सांगायचा, कितपत ऐकलं आणि कितपत स्वतःचं घातलं यावर लोक अजून वाद घालतात. छापून आलं 1796 मध्ये, आणि त्याच वर्षी जुलैत तो गेला, अवघा 37 वर्षांचा. आता तुझ्या कागदावरचं गाणं परत वाच, पण पहिलं कडवं सोड, ते सगळ्यांना पाठ असतं. मधली दोन बघ. आपण दोघं डोंगरउतारावर धावलो, रानफुलं तोडली, पण नंतर कितीतरी पाय दमेपर्यंत भटकलो. आपण दोघं ओढ्यात सकाळपासून जेवणवेळेपर्यंत डुंबलो, पण नंतर आपल्या मध्ये मोठमोठे समुद्र गरजत राहिले. आणि मग शेवटचं कडवं, हा घे माझा हात माझ्या भरवशाच्या फीर, आणि दे तुझा. कळलं ना तिथे फ्रेंड का नको ते? अख्खं गाणं पायांचं आहे. कित्येक छापील कागदांवर लोकांनी सुधारून फ्रेंड करून टाकलंय, तुझ्या कमिटीने नाही केलं, त्यांना माझ्यातर्फे थँक्यू म्हण.

हे गाणं तू पहिल्यांदा ऐकलंस ते एडिनबराला नाही, खडकवासल्याला. दादाच्या एनडीएच्या पासिंग आउट परेडला आपण गेलो होतो, तू लहान होतीस आणि उन्हाने कुरकुरत होतीस. परेड संपताना मुलं स्लो मार्च करत बाहेर निघाली तेव्हा बँडने हीच चाल वाजवली होती, आणि मावशी रडायला लागली आणि तुला वाटलं तिला ऊन लागलं. तिथे शब्द नसतात, नुसती चाल, त्यामुळे फीर तिथे कोणाच्या कानावर पडत नाही. रवींद्रनाथांनी याच चालीवर बंगालीत जुन्या दिवसांचं गाणं लिहिलंय, कोलकात्याला शाळेत पोरं गातात, आणि त्यांनी हाक मारलीय ‘सखा’ म्हणून. म्हणजे फिरून सोसियुसच्या घरीच आलो आपण, मजा आहे की नाही. आणि अगदी अलीकडे, 2011 मध्ये, तुमच्या एडिनबरात जन्मलेल्या जॅकी के या कवयित्रीने आपल्या अख्ख्या पुस्तकाला हे एकच नाव दिलं, फीर. त्या नंतर स्कॉटलंडच्या राष्ट्रीय कवी पण झाल्या. लायब्ररीत असेल, बघ, आणि आवडलं तर मला दोन कविता फोनवर वाचून दाखव, तुझ्या त्या नव्या अॅक्सेंटमध्ये.

आणि शब्द पूर्ण मेला असं पण नाही. जर्मनमध्ये त्याचा भाऊबंद धडधडीत जिवंत आहे, ‘गेफेर्टे’, ‘गे’ पण शाबूत! लग्न न करता बरोबर राहणाऱ्याला तिथे ‘लेबेन्स-गेफेर्टे’ म्हणतात, आयुष्याचा सहप्रवासी. स्टुटगार्टच्या तुझ्या चुलतभावाने घरात कोणाबरोबर राहतो ते आम्हाला अजून नीट सांगितलेलं नाही, त्याला विचार हा शब्द येतो का म्हणून, माझं नाव सांगू नकोस.

थर्टी फर्स्टची एक टीप देते. हात क्रॉस करून धरायचे ते गाणं सुरू झाल्या झाल्या नाही, टूरिस्ट लोक तसं करतात आणि मग पाच कडवी हात अवघडून उभे राहतात. तिकडची जुनी माणसं सुरुवातीला नुसते हातात हात घेतात आणि ‘हा घे माझा हात’ हे शेवटचं कडवं आलं की मगच क्रॉस करतात. तू तुझ्या त्या पोलंडच्या मुलीला आधीच सांगून ठेव, नाहीतर तुम्ही दोघी वेळेला गोंधळाल.

जॅकेट घाल. कानटोपी घाल. केस विस्कटतात म्हणून घालत नाहीस हे मला फोटोत दिसतं.

तुझी,
आई

ता.क. पार्सल सोमवारी टाकलंय. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, आणि बाबांनी हट्टाने कुंदा टाकलाय, तो पहिला उघडा, टिकत नाही. चटणीचे डबे दोन आहेत, एकात तिखट कमी आहे, त्यावर मी निळी चिकटपट्टी लावलीय.